मागच्या बाकावरचा माणूस नेमकं काय करतो?

(शिरूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय मला एका तरुणानं दिला. मागच्या महिन्यात दौंडला कार्यक्रम होता. तो संपल्यावर एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, आमदार मंत्री झाला नाही, तर त्याचा उपयोग काय? मागच्या बाकावर बसून भाषण करायचं, मतदानाला हात वर करायचा आणि घरी यायचं. त्यानं काय फरक पडतो?"

मी चाळीसएक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्याकडे खोड असते, प्रश्न विचारला की आधी शब्दाचा अर्थ विचारायचा. म्हणून मी त्याला म्हटलं, "'उपयोग' म्हणजे तुला काय म्हणायचंय?" तो हसला आणि म्हणाला, "बघा, तुम्हीसुद्धा उत्तर टाळलंत." त्याचं बरोबर होतं. मी टाळलंच होतं. ते उत्तर आज इथं द्यायचा प्रयत्न करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मागचा बाक म्हणजे लाकडाचा बाक नव्हे. ज्याच्या हाती खातं नाही, ज्याच्या सहीनं पैसा हलत नाही, ज्याच्यामागं बहुमत नाही, असा सभासद म्हणजे मागच्या बाकावरचा सभासद. त्याच्याकडे चारच गोष्टी असतात: प्रश्न विचारण्याचा हक्क, बोलण्याचा हक्क, ठराव किंवा विधेयक मांडण्याचा हक्क आणि समितीत बसून कागद तपासण्याचा हक्क. एवढ्यावर माणूस काय करू शकतो, हे बघायला मी तुम्हाला आजच्या कुणा आमदाराकडे नेणार नाही. नेलं, तर पुढची तासभर आपण पक्षावर भांडू. मी तुम्हाला १९२७ साली नेतो. आणि सुरुवात इथूनच, आपल्या वेशीवरून करतो.

१ जानेवारी १९२७. कोरेगाव भीमाच्या लढाईचा स्तंभ तुम्हाला माहीत आहे. स्तंभ आहे नदीच्या पुणेकडच्या अंगाला, पेरणे गावच्या हद्दीत, म्हणजे हवेलीत. भीमा ओलांडली की कोरेगाव, आणि तिथं आपला शिरूर तालुका सुरू होतो. पुढं हीच भीमा शिरूर आणि दौंडच्या मधून वाहत जाते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले होते. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर अवघ्या दीड-दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, याच माणसानं मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद म्हणून काम सुरू केलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

सभासद कसले? सरकारनियुक्त. गव्हर्नरनं नेमलेले. शंभरावर सभासदांच्या त्या कौन्सिलात दलित वर्गाचे म्हणून नेमलेले दोघे, एक डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आणि दुसरे आंबेडकर. पक्ष नाही, मंत्रिपद नाही, बहुमताचा तर प्रश्नच नाही. ज्यानं नेमलं त्याचंच मीठ खाऊन गप्प बसावं, अशी अपेक्षा असण्याची जागा. मागच्या बाकाचंही मागचं टोक म्हणा ना.

आता बघा, या माणसानं काय केलं.

अंदाजपत्रक कसं वाचायचं

पहिलं भाषण २४ फेब्रुवारी १९२७ चं, अंदाजपत्रकावरचं. नवा सभासद साधारण आभार मानतो, आपल्या भागाला काहीतरी मागतो आणि बसतो. आंबेडकरांनी करपद्धतीलाच हात घातला. त्यांचा मुद्दा असा होता: ज्याला प्राप्तिकर द्यावा लागतो, त्याला ठरावीक उत्पन्नाखाली माफी आहे. उत्पन्न झालंच नाही, तर कर नाही. शेतसाऱ्याचं तसं नाही. शेतकरी लहान असो, मोठा असो, पीक येवो वा जळो, सारा भरायचाच. मग श्रीमंताला जो न्याय, तो गरिबाला का नाही?

शिरूरच्या कोरडवाहू गावातल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस हुलकावणी देतो म्हणजे काय, ते त्याला माहीत असतं. पण त्याचं हे म्हणणं सभागृहात, आकड्यांच्या भाषेत, अर्थखात्याच्या तोंडावर कुणीतरी मांडावं लागतं. ते काम मागच्या बाकावरचा करतो.

पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली. तिथं त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी खर्च करतं १४ आणे. आणि दारूच्या अबकारी करातून माणशी वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर परत करा, एवढीच मागणी. दोन्ही आकडे सरकारच्याच कागदात होते, फक्त वेगवेगळ्या पानांवर. ते एकत्र आणून दाखवणं, याला मी छाननी म्हणतो.

तुकडेबंदीची गोष्ट

त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं लहान शेतकऱ्यांसाठी एक विधेयक आणलं. वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडतात, ते थांबवायचे, जमिनी एकत्र करायच्या, असा त्याचा रोख. वरवर पाहता कोण विरोध करील? आंबेडकरांनी केला. १९१८ मध्ये त्यांनी याच विषयावर अर्थशास्त्राच्या नियतकालिकात निबंध लिहिलेला होता. म्हणजे अभ्यास नऊ वर्षं आधीचा, बोलायची संधी आता आलेली.

त्यांचं म्हणणं असं. शेत परवडतं की नाही, हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर बैल किती, अवजारं कोणती, भांडवल किती, राबणारे हात किती, यांचं प्रमाण जमलं तर लहान शेतही परवडतं आणि नाही जमलं तर मोठंही बुडतं. खरा रोग म्हणजे सगळी माणसं शेतीवरच लादली गेली आहेत. अशात तुम्ही कायद्यानं तुकडे मोडलेत, तर तुकडे जातील पण माणसं भूमिहीन होतील. त्यापेक्षा मालकी राहू द्या आणि कसणं सहकारानं करा.

त्या विधेयकाला चहूकडून विरोध झाला आणि ते मागं पडलं. तुकडेबंदीचा कायदा पुढं १९४७ मध्ये झाला. आज दौंडला किंवा शिक्रापूरला कुणी दोन गुंठे घ्यायला गेला की पहिला शब्द ऐकतो तो तुकडेबंदी. कायदा योग्य की अयोग्य, हा वाद आज नको. मला एवढंच दाखवायचंय की ज्या प्रश्नावर आपण अजून रजिस्ट्रार कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, त्याची दुसरी बाजू ९० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका मागच्या बाकावरून नीट मांडली गेली होती. ती नोंदीत आहे. कुणी वाचली तर.

जिंकला नाही, तरी

आता मुख्य प्रकरण. १९ मार्च १९२८ ला त्यांनी स्वतःचं एक विधेयक मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं.

महार वतन म्हणजे काय, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. गावच्या महारानं सरकारची आणि गावाची कामं करायची. चावडीवर लोकांना बोलावणं, टपाल पोचवणं, साहेब आला की त्याच्या दिमतीला राहणं, वसुलीची रक्कम सांभाळून नेणं. कामाला वेळेची मर्यादा नाही, दिवस नाही, रात्र नाही. घरचा एक गडी नसला तर दुसऱ्यानं जायचं, म्हणजे सगळं घरच बांधलेलं. मोबदला काय? थोडी इनाम जमीन, तीही पिढ्यांच्या वाटण्यांनी चिंधड्या झालेली, आणि खळ्यावर मिळेल ते बलुतं. म्हणजे राबवायचं सरकारनं आणि मजुरी मागायची गावकऱ्यांच्या दारात. गाव नाराज झालं की बलुतं बंद. हक्काची मजुरी भीक होऊन बसते, ती अशी.

विधेयकात मागितलं काय होतं? ज्या वतनदाराला ही चाकरी सोडायची असेल, त्याला ती सोडता यावी आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. बलुत्याऐवजी रोख कर बसवून तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा, म्हणजे दारोदार जायला नको. आणि कामं कोणती, सांगण्याचा अधिकार कुणाला, हे स्पष्ट लिहिलं जावं. यात क्रांती कुठं आहे? साधा हिशोब आहे. पण ऑगस्ट १९२८ मध्ये पहिल्या वाचनाची चर्चा झाली, तेव्हा अडचण पुढं आली ती पैशाची. फुकट मिळणारे हात गेले, तर त्या जागी पगारी माणसं ठेवायची कुणी?

विधेयक प्रवर समितीकडे गेलं. आज आपण हिला चिकित्सा समिती म्हणतो. समिती म्हटली की लोकांना वाटतं, तिथं विधेयक सुधारतं. नेहमी नाही. समितीत विधेयक सुधारतं तसं पोखरलंही जातं. इथं तेच झालं. बाहेर आलेल्या मसुद्यात मूळ हेतूच उरला नाही, आणि १९२९ मध्ये आंबेडकरांनी आपलंच विधेयक मागं घेतलं.

दौंडच्या त्या मुलानं इथं मला अडवलं असतं. "सर, मग हरलेच ना?"

हो, हरले. त्यात गोलमाल बोलायचं कारण नाही. पण हरण्याचे दोन प्रकार असतात. एकात काहीच मागं राहत नाही. दुसऱ्यात मागं युक्तिवाद राहतो. वतनाचा प्रश्न पुढं मेलेला नाही. १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची मोठी परिषद भरली, तिथं हाच विषय. शेवटी कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यानं केला तो १९५८ मध्ये. पहिल्या विधेयकाला ३० वर्षं झाली होती, आणि विधेयक मांडणारा माणूस जाऊन दोन वर्षं. त्या एका भाषणामुळे हा कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. इतिहास एवढा सरळ चालत नाही. पण तीस वर्षांपूर्वी जी मागणी सभागृहाला परवडत नव्हती, ती पुढं सभागृहानंच मान्य केली. आणि अजूनही ज्यांच्या सातबाऱ्यावर वतनाची नोंद आहे, ज्यांना ती जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यांच्यासाठी हा विषय इतिहास नाहीच.

समितीचा कागद आणि टांगा

समितीचं दुसरं रूप बघा. डॉ. सोळंकींच्या ठरावावरून सरकारनं १९२८ मध्ये दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे अधिकारी, म्हणून ती स्टार्ट समिती. सभासदांत आंबेडकर, सोळंकी, ठक्कर बाप्पा. समितीनं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या आणि १९३० मध्ये अहवाल दिला.

या दौऱ्यातला एक प्रसंग आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. खानदेशातलं काम आटोपून परतताना एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. तिथल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा होता. टांगेवाले त्यांना घेऊन हाकायला तयार होईनात. मग टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्यानं आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकलं, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले, पायाला जबर दुखापत झाली आणि पुढं कित्येक दिवस त्यांना हलता येईना.

मी हा प्रसंग विद्यार्थ्यांना सांगायचो, तेव्हा वर्ग शांत व्हायचा. अस्पृश्यतेची चौकशी करायला सरकारनं नेमलेला माणूस. खिशात सरकारचा कागद. आणि त्याला टांगा मिळत नाही. समितीला जे शोधायचं होतं, ते त्या पुलावरच सापडलं. मागच्या बाकावरच्या माणसाचं हे आणखी एक काम: सभागृहाला जे दिसत नाही, तिथं स्वतः जाऊन बघायचं.

समितीत असताना एकटं पडायचं धैर्यही लागतं. सायमन कमिशनबरोबर काम करायला मुंबई कौन्सिलनं समिती नेमली, तीत आंबेडकर होते. समितीचा अहवाल त्यांना पटला नाही. त्यांनी सही केली नाही. मे १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. सगळ्या सज्ञान माणसांना मत. त्या काळी मत होतं ते सारा भरणाऱ्यांना, कर देणाऱ्यांना. एकट्याचा तो अहवाल त्या दिवशी अल्पमत होता. आज आपल्यातला प्रत्येक जण त्याच तत्त्वावर मतदान करतो.

ठराव कपाटातून तळ्यापर्यंत

आता उलट उदाहरण, म्हणजे ठराव जिंकला पण काम झालं नाही असं. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला: सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव मंजूर झाला. सरकारनं खात्यांना कळवलं. महाड नगरपालिकेनंही पुढं तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि तळ्यावर? काहीच बदललं नाही. कागद कपाटात, पाणी तळ्यात.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो लोक निघाले, तेव्हा त्यांच्या मागं बोले यांचा तो ठराव होता. आम्ही कायदा मोडत नाही, तुम्ही मंजूर केलेलं वापरतो आहोत, असं ते म्हणू शकत होते. तारीख लक्षात घ्या. शिक्षण-खर्चाची चर्चा आणि महाडचा सत्याग्रह, दोन्ही एकाच मार्च महिन्यात. सभागृहात आकडे मांडणारा माणूस आणि तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस एकच.

मग 'उपयोग' म्हणजे काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञानं १८६१ मध्ये प्रातिनिधिक शासनावर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की राज्य चालवणं हे सभागृहाचं काम नव्हे, ते शेकडो माणसांच्या जमावाला जमणारच नाही. सभागृहाचं काम राज्य चालवणाऱ्यांवर नजर ठेवणं, त्यांच्याकडून कारणं वदवून घेणं आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकली जातील अशी जागा असणं. हे मान्य केलं, तर मागचा बाक ही दुय्यम जागा उरत नाही. मंत्री उत्तर देतो. पण प्रश्न विचारणाराच नसेल, तर उत्तर कुणाला द्यायचं?

आज तर ही सोय जास्त चांगली आहे. तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघणारी आश्वासन समिती आहे. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी पंचायत राज समिती आहे. लोकलेखा आणि अंदाज समितीवर मंत्र्याला बसताच येत नाही. म्हणजे ते काम मागच्या बाकासाठीच राखून ठेवलेलं आहे.

अडचणीही आहेत. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडून मत दिलं, तर सभासदत्व जाऊ शकतं. खासगी विधेयकांचं म्हणाल, तर १९५२ पासून संसदेत अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. पण पक्षादेश मतदानाला लागतो. प्रश्न विचारायला नाही, अंदाजपत्रकाची दोन पानं शेजारी ठेवायला नाही, समितीत सचिवाची साक्ष घेताना नेमकं विचारायला नाही.

आणि एक दोष आपलाही आहे, मंडळी. आपण आमदाराला विचारतो: लग्नाला आलात का? दहाव्याला आलात का? रस्ता कधी करताय? रस्ता हवाच. पण 'या अधिवेशनात तुम्ही काय विचारलंत आणि उत्तर काय मिळालं', हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय? हात वर करा. ... बघा. माझाही वर नाही.

अलीकडे प्रश्नांची संख्या मोजायची पद्धत आली आहे. अमक्यानं इतके प्रश्न विचारले. मोजा, पण तिथं थांबू नका. आंबेडकरांचे ते दोन आकडे, १४ आणे आणि दोन रुपये, मोजणीत एकच भाषण भरतील. मोजण्यापेक्षा वाचा. प्रश्नात माहिती होती की नुसता आव? उत्तर आल्यावर पाठपुरावा केला का? समितीच्या बैठकीला गेले का, आणि न पटणाऱ्या अहवालावर न पटल्याचं नोंदवलं का? हे चार प्रश्न कुठल्याही पक्षाच्या माणसाला लागू आहेत.

आंबेडकरांची मुंबई विधिमंडळातली भाषणं महाराष्ट्र शासनानं १९८२ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत. जाडजूड पुस्तक आहे, घाबरू नका. वतनाच्या विधेयकावरचं भाषण आधी वाचा. मग आपल्या आमदारांचं एखादं भाषण काढून वाचा आणि पुढच्या वेळी ते गावात आले की त्यावर एक प्रश्न विचारा.

दौंडच्या त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकतो. बाळा, मागच्या बाकावरचा माणूस दर वेळी फरक पाडत नाही. पण त्यानं नीट बोलून ठेवलं असेल, तर पुढच्याला सुरुवातीपासून सुरू करावं लागत नाही. आणि तो नीट बोलला की नाही, हे बघायचं काम तुझं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.